उभ्या गाडीची राखण

खामगावला रूळ संपतात. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच्या जलंबहून निघालेला जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा या कापसाच्या गावात येतो आणि तिथेच थांबतो. पुढे घाट चढून चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्याला जाणारा मार्ग पिढ्यानपिढ्या बोलण्यात आहे, जमिनीवर नाही. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हा फाटा सुरू करायला आले होते. वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा परदेशी गिरण्यांत एवढी ओढ होती, की तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉयने वाकडी वाट करावी.

रूळ जिथे संपतात तिथे जगभर एकच अडचण उभी राहते. गाडी ओढून आणणारं इंजिन आता शेवटच्या अडसरापाशी अडकलेलं असतं आणि परतीच्या बाजूला डबे असतात. मग इंजिन सोडवायचं, शेजारच्या रुळावरून डब्यांना वळसा घालून न्यायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. रेल्वेच्या कागदात हे ‘लोको रिव्हर्सल’, फलाटावरच्या बोलीत ‘इंजिन फिरवणं’. प्रवाशाच्या लेखी ही चहा-भज्यांची वेळ. लहान मुलांना इंजिन दाखवायला नेण्याचीही हीच वेळ. डब्यांच्या बाजूने पाहिलं तर मात्र ही दहा-पंधरा मिनिटं साऱ्या प्रवासातली सर्वांत नाजूक. ज्याच्या हाती ब्रेकची हवा, ते इंजिनच निघून गेलेलं असतं.

७ एप्रिल २०१८ च्या रात्री ओडिशातल्या तितलागड स्थानकात नेमकं हेच चाललं होतं. अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेसचं इंजिन एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला न्यायचं होतं. चाकं अडवणारे स्किड चाकांखाली लावायचे राहिले. बावीस डबे, आत निजानीज झालेली, पुढे इंजिन नाही, मागे इंजिन नाही, अशी ती गाडी आपसूक केसिंगाच्या दिशेने चालू लागली आणि दहाएक किलोमीटर गेली. रुळांवर दगड टाकून ती थांबवली गेली. कुणालाही इजा झाली नाही, याला दैव म्हणावं लागेल. यंत्रणेला त्याचं श्रेय देता येत नाही.

हे पुस्तक त्या दहा-पंधरा मिनिटांविषयी आहे. त्यातही त्याचा रोख आहे तो पर्यटकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेल्वेमार्गांवर: माथेरान, दार्जिलिंग, निलगिरी, पाताळपाणी-कालाकुंड, आणि उद्या कदाचित मूर्तिजापूर-अचलपूरवर. मोठ्या मार्गावर अशा चुका होऊ नयेत म्हणून नियमावल्यांची जाडजूड चळत आहे, तपासणारे अधिकारी आहेत, आणि तरीही तितलागड घडतं. छोट्या मार्गावर चढ तीव्र, गाड्या जुन्या, माणसं मोजकी आणि शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवणं रोजचंच. शिवाय गर्दी हौशी. तिथे काय होत असेल, हा प्रश्न मराठीत फारसा कुणी विचारलेला नाही.

न विचारण्याचं एक कारण नावांत दडलं असावं. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून धावणारी ती ‘फुलराणी’, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ‘वनराणी’, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरची ‘वनबाला’. माथेरानची तर कित्येक नावं: मिनी ट्रेन, टॉय ट्रेन, झुकझुकगाडी. सगळी लाडाची, लेकीबाळींची. शेगावला आनंदसागर पाहायला गेलेल्या पिढीच्या आठवणीतही तळ्याकाठची छोटी गाडी असतेच. नाव एकदा खेळण्याचं पडलं, की वजनाचा विचार सुटतो. पण वजन सुटत नाही. दहा टनांचा डबा वीस फुटांमागे एक फूट अशा उतारावर उभा असला, तर अर्धा टन जोर त्याला अखंड खाली खेचत असतो. डबा रंगीत आहे, आत मुलं फुगे घेऊन बसली आहेत, याची दखल गुरुत्वाकर्षण घेत नाही.

आणि उतार डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा होणारा विरोध इतका थोडा असतो, की टनामागे दोन-तीन किलोचा जोर डब्याला चालतं ठेवायला पुरतो. म्हणून तर ब्रॉडगेज स्थानकाच्या आवारात चारशे फुटांमागे एक फुटापेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि नवीन स्थानक बांधताना बाराशेला एक ठेवावा अशी शिफारस असते. बुलढाणेकर आपला जिल्हा ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा वाटून घेतात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सारी रेल्वे घाटाखाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. जिल्ह्याचं ठाणं बुलढाणा घाटावर आणि रेल्वेविना. त्यामुळे उतारावरचे ब्रेक हा कोकणातल्या किंवा हिमालयातल्या लोकांचा प्रश्न, असं इथे वाटणं साहजिक आहे. पण खामगावचं पाणी उत्तरेला पूर्णेकडेच वाहतं. ज्या जमिनीवरून पाणी वाहतं, त्या जमिनीवरून डबाही घरंगळू शकतो.

ब्रेकचा इतिहास हा बराचसा शोकसभांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवातीची पानं महाराष्ट्रातली आहेत. बोरघाटातून मुंबई-पुणे रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. चढ ३७ फुटांमागे एक. डोंगराची सोंड वळसा घालू देईना, तेव्हा खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधलं गेलं. गाडी तिथे शिरायची, थांबायची आणि उलट दिशेने पुढच्या टप्प्याला लागायची. कल्पना सुरेख होती. अट एकच, की उतरणारी गाडी तिथे थांबलीच पाहिजे. जानेवारी १८६९ मध्ये पुण्याकडून उतरणारी मेल आवरली नाही आणि त्या स्थानकात शेवटाला जाऊन आदळली. त्या काळी ब्रेक म्हणजे इंजिनाचा एक आणि ब्रेकच्या डब्यांतल्या माणसांनी चाकं फिरवून आवळायचे बाकीचे. शिटी ऐकू यायची, माणसाने जागं असायचं, लाकडी ठोकळे कोरडे असायचे, हे सगळं एकाच क्षणी जुळून यावं लागे. पुढे नवे बोगदे निघाले आणि गेल्या शतकाच्या विशीच्या दशकाअखेर रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झालं.

योगायोग असा, की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने दाबाच्या हवेवर चालणारा ब्रेक लोकांपुढे आणला. इंजिनावरच्या टाकीतली हवा नळीतून प्रत्येक डब्याला पोचवायची आणि सगळे ब्रेक चालकाने एकट्याने लावायचे. यात एक खोट होती. नळी तुटली तर ब्रेक लागण्याऐवजी जायचेच. १८७२ मध्ये त्याने व्यवस्था उलटी केली: नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेले, हवा गेली की प्रत्येक डबा स्वतःच्या टाकीतल्या हवेने आपला ब्रेक आपण लावणार. रेल्वेच्या भाषेत हाच ‘ऑटोमॅटिक’ ब्रेक. बिघाड झाला तर गाडी थांबेल अशी मुळातच योजना. या एका उलटापालटीने किती माणसं वाचली, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही.

युरोपात ती पटायला मात्र वेळ लागला, आणि तिची किंमत सहलीला निघालेल्या मुलांनी मोजली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावातून रविवारच्या शाळेची सहल समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. पंधरा डबे, नऊशेवर माणसं. चढावर इंजिनाचा दम संपला. तेव्हा ठरलं, की पुढचे पाच डबे सोडवून वर न्यायचे आणि मागचे दहा जागेवर ठेवायचे. गाडीला नळीतल्या पोकळीवर चालणारा व्हॅक्यूम ब्रेक होता, पण ऑटोमॅटिक नव्हता; डबे सोडवले त्या क्षणी मागच्यांचे ब्रेक गेले. उरला तो शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली सरकवलेले दगड. इंजिन पुढे निघण्याआधी किंचित मागे सरकलं, तेवढा धक्का पुरला. दगड भरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आपटले. ऐंशी माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. पर्यटक-गाडीच्या सुरक्षेविषयी काहीही लिहायचं तर आर्मापाशी थांबावंच लागतं: सहलीची गाडी, चढ, सोडवलेले डबे, दगडाची उटी. तितलागडची रात्र आठवून पाहावी. मधे सव्वाशेहून अधिक वर्षं गेली आहेत, साहित्य तेच आहे.

इथून पुढे जगात दोन घराणी झाली. इंग्रजांच्या वाटेने जाणाऱ्यांनी व्हॅक्यूम धरला: नळीतली हवा उपसून पोकळी करायची, पोकळी मोडली की ब्रेक लागतात. अमेरिकेच्या वाटेने जाणाऱ्यांनी दाबाची हवा धरली. भारतात शंभरेक वर्षं व्हॅक्यूमचं राज्य होतं. इंजिनाच्या काट्यावर ५३ सेंटिमीटर, गार्डच्या डब्यात ४७, हे आकडे जुन्या गार्डला झोपेतून उठवून विचारले तरी बिनचूक यायचे. पुढे हवेचा ब्रेक आला आणि आकडे बदलले: ब्रेक पाइपमध्ये ५ किलो, फीड पाइपमध्ये ६. दोन्ही घराण्यांत गुण आहेत. व्हॅक्यूम सोपा, दुरुस्तीला सोसणारा, छोट्या गाडीला पुरेसा. हवा जोरकस आणि लांब गाडीला हवीच. वाफेच्या इंजिनांच्या शौकिनांत या दोहोंवरून अजून वाद झडतात. प्रस्तुत विषयात मात्र हा वाद गौण आहे, कारण दोघांचं एक दुखणं सारखं: हवा गळते. उभ्या गाडीचा ब्रेक लागलेला आहे तो सिलिंडरमधल्या दाबावर, आणि तो दाब इंजिनाच्या आधाराविना किती वेळ टिकेल हे रबरी वॉशर ठरवतात.

कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने हे जगाला दाखवलं. जुलै २०१३ मध्ये कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री उतारावर उभी करून चालक झोपायला गेला. हातब्रेक लावले होते, पण पुरेसे नव्हते. बाकीचा भार हवेच्या ब्रेकवर होता. इंजिनात छोटी आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, त्यासरशी हवा भरणंही बंद पडलं. तासाभराने गाडी सुटली आणि गावात शिरून पेटली. ४७ माणसं मेली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना सुटली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त धावत पंजाबात पोचली. या साऱ्यांत यंत्र बिघडल्याचा भाग थोडा. हाताने करायचं एक काम राहून गेलं, किंवा अर्धं झालं.

म्हणून या विषयातलं तिसरं घराणं सर्वांत जुनं असूनही सर्वांत मोलाचं ठरतं. ते म्हणजे हातब्रेकवाल्यांचं, आणि त्याचं महाराष्ट्रातलं पीठ माथेरान.

नेरळ-माथेरान मार्ग सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधला. रुळांतलं अंतर दोन फूट. विसेक किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटर वर चढते, चढ ठिकठिकाणी वीसला एक. निलगिरीसारखी दातेरी पट्टी नाही. चाक आणि रूळ यांच्या पकडीवरच सगळी भिस्त. शेकडो वळणं, आणि ती इतकी आवळलेली की जर्मनीहून आणलेल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या इंजिनांना वळणावर सरकू शकणारे खास आस द्यावे लागले. वाफेचं युग इथे १९८२ मध्ये संपलं. डिझेल आलं, पण डब्यांवरची माणसं राहिली. डब्यांवर बसलेला ब्रेकमन चालकाच्या शिटीवर कान ठेवून चाक फिरवायचा. एका इशाऱ्याला आवळ, दुसऱ्याला सैल. पावसाळ्याआधीच्या दमट हवेत, पालापाचोळा पडलेल्या रुळांवर, पुढे वळण आणि उजवीकडे दरी असताना किती आवळायचं हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते मनगटात होतं.

मे २०१६ मध्ये ही गाडी थोड्याच दिवसांत दोनदा रुळांवरून घसरली आणि सेवा थांबवली गेली. पुन्हा सुरू होईपर्यंत दीडेक वर्ष गेलं. त्या अवधीत डब्यांना हवेचे ब्रेक बसले आणि दरीच्या कडेला कठडे आले. हा बदल योग्यच होता, यात शंका नको. मनगटावर शंभर वर्षं विसंबणं ही परंपरा असेलही, पण पर्यटकाच्या जिवासाठी तेवढं पुरत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हवेचा ब्रेक आला की ब्रेकमन अनावश्यक वाटू लागतो, आणि माथेरान स्थानकात इंजिन डब्यांपासून सुटतं त्या क्षणी तोच पुन्हा आवश्यक होतो. चढताना इंजिन पुढे असतं, उतरतानाही ते पुढे हवं; म्हणजे दर खेपेला वरती इंजिन फिरवणं आलं, आणि तेवढा वेळ डबे डोंगरमाथ्यावर एकटे.

इतर डोंगरी मार्गांनी हा पेच आपापल्या परीने सोडवला. निलगिरी रेल्वेवर कल्लार ते कुन्नूर हा तीव्र टप्पा बारा-साडेबाराला एक असा चढतो. तिथे इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असतं, चढताना डब्यांना खालून ढकलतं. जोडणी तुटली तरी डबे इंजिनाच्या पाठीवरच येणार. शिवाय डब्यांच्या टोकाला ब्रेकवाले असतातच. दार्जिलिंगच्या रेल्वेने, ती १८८१ ची, झिगझॅग स्वीकारले. तिथे इंजिन जागा बदलत नाही. एका टप्प्यात ओढतं, पुढच्यात ढकलतं, आणि न फिरवताच डोंगर चढतं. अमेरिकेतल्या कंब्रेस खिंडीत पंचवीसला एक असा उतार आहे. तिथल्या तीन फुटी पर्यटक-गाड्यांच्या डब्यांवर ‘रिटेनर’ नावाची छोटी चावी असते. ती फिरवली की चालकाने ब्रेक सोडले तरी थोडा दाब डब्यात अडून राहतो आणि पुन्हा हवा भरायला उसंत मिळते. खिंड उतरण्याआधी गाडीवरचे लोक त्या चाव्या फिरवून घेतात. माथेरानचा चढ त्याहून कडक आहे, हे सांगितलं की परदेशी रेल्वेप्रेमी वही काढतात.

आणखी एक वाट आहे: इंजिन फिरवण्याची वेळच येऊ द्यायची नाही. दोन्ही टोकांना इंजिन लावा, किंवा दोन्हीकडून चालवता येणारी मेमू-डेमू वापरा. अगदी बागेतल्यासारखं करायचं तर रूळच गोल टाका. मोठी रेल्वे झपाट्याने याच वाटेने निघाली आहे, आणि त्यात तिचं शहाणपण आहे. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. शाखामार्गांवर रोज इंजिन फिरवणारी, होज पाइप हाताळणारी, हातब्रेकच्या चाकाचा नेमका विरोध ओळखणारी माणसं आता निवृत्तीला आली आहेत किंवा निवृत्त झाली आहेत. दुसरीकडे वारसा-गाड्यांची मागणी वाढते आहे. कौशल्य आटतं आहे आणि गरज वाढते आहे, अशा नेमक्या वळणावर हे पुस्तक येत आहे.

मागणीची उदाहरणं दूर शोधायला नकोत. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ अडीच फुटी रुळांवर शतकभर चालली. १९२१ सालचं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. मोजके कर्मचारी तिकीट विकण्यापासून फाटक लावण्यापर्यंत सगळं करत. आज ती बंद आहे, आणि ती वारसा म्हणून तरी पुन्हा धावावी यासाठी वऱ्हाडात सभा, निवेदनं, आंदोलनं होतात. अकोला-खंडवा मीटरगेजवर धूळघाटला रूळ स्वतःभोवती वेटोळं घालून उंची गाठत. तो मार्ग रुंदीकरणासाठी थांबला, आणि मेळघाटातल्या वाघांना वळसा घालून नवा मार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून न्यावा असा आग्रह पुढे आला. त्याच जुन्या मीटरगेजच्या साखळीत पलीकडे, महूजवळ, पाताळपाणी ते कालाकुंड ही वारसा-गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिथला उतार चाळीसला एक. धबधबा पाहायला उतरलेली गर्दी, फलाटाशी थांबलेली गाडी, आणि पुढे उतार. विषयाचं सगळं सार त्या एका चित्रात आहे.

कायद्याची बाजूही इथे सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९८९ च्या रेल्वे कायद्याने ‘रेल्वे’ची व्याख्या करताना जत्रा, प्रदर्शन, उद्यान अशा ठिकाणी निव्वळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ मुद्दाम वगळले आहेत. माथेरानची गाडी मध्य रेल्वेची; तिच्यावर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची नजर असते. बागेतली गाडी मात्र कायद्याने रेल्वेच नव्हे. तिचा ब्रेक कुणी, केव्हा, कोणत्या कसोटीवर तपासायचा हे तिच्या चालकमालकावर सोडलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, तेव्हापासून तिथे हौशी रेल्वेंची चळवळ फोफावली. तिचा एक दंडक घेण्याजोगा आहे: काम हौशीचं असलं तरी परीक्षा धंद्याची. सुट्टीच्या दिवशी गार्डचा कोट घालणाऱ्या शिक्षकाला किंवा डॉक्टरलाही नियमांची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे ‘शकुंतला’ उद्या स्वयंसेवकांच्या मदतीने चालवायची ठरली, तर उत्साहाचा तुटवडा पडणार नाही. परीक्षेचं काय, ते आजच ठरवावं.

प्रत्यक्ष काम तसं गुंतागुंतीचं नाही, आणि तोच त्यातला धोका आहे. गाडी थांबली की आधी हातब्रेक आवळायचे, चाकांखाली लाकडी गुटके किंवा स्किड द्यायचे, आणि ते लागल्याची खात्री झाल्यावरच इंजिनाला हात लावायचा. मग इंजिन आणि डबा यांच्यामधले अँगल कॉक, म्हणजे नळीच्या टोकाच्या तोट्या, बंद, होज पाइप सुटे, कपलिंग सुटं. इंजिन सांध्यापलीकडे जातं, सांधा बदलतो, शेजारच्या लूपवरून ते दुसऱ्या टोकाला येतं. शेवटच्या काही मीटरवर ते मुंगीच्या पावलाने यायला हवं, कारण त्या घटकेला दोन गाड्यांच्या मधे एक माणूस उभा असतो. जोडणी होते, पाइप जोडले जातात, कॉक उघडतात, हवा भरते. आता ज्या पायरीवर घाई होते ती ही: चालकाने दाब उतरवायचा आणि दुसऱ्या टोकाला गार्डने, ज्याला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, आपल्या काट्यावर तो उतरला का हे पाहायचं. उतरला तर नळी सलग आहे. नाही उतरला तर मधला एखादा कॉक बंद राहिला आहे, आणि चालकाच्या हातातला ब्रेक फक्त इंजिनापुरता आहे. १९८८ मध्ये पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकात ५६ माणसं मेली ती हाताने फिरवल्या गेलेल्या अशाच एका कॉकमुळे. चालकासमोरचा काटा तेव्हा अगदी बरोबर होता. नळी सलग असल्याची खात्री पटली की मगच गुटके काढायचे आणि हातब्रेक सोडायचे. क्रम उलटला, की सगळं योग्य करूनही गाडी सुटू शकते.

हा क्रम शेकडो वेळा बिनबोभाट पार पडतो, म्हणून तो कंटाळवाणा होतो. गर्दी पाहते आहे, फोटो निघताहेत, वेळ होत आली आहे. एक स्किड कमी लावला तर काय बिघडलं, असं मन म्हणतं. पुस्तकाच्या लेखकाने यंत्राइतकीच या मनाची दखल घेतली आहे, आणि या लेखनाचं वेगळेपण तिथे आहे. प्रत्येक मार्गाला त्याने एकच प्रश्न विचारला आहे: इंजिन बाजूला झालं की डब्यांना कोण धरून ठेवतं? उत्तरं कुठे लोखंडाची मिळतात, कुठे लाकडाची, कुठे माणसाच्या सवयीची. वाफेच्या इंजिनांची रसिक वर्णनं शोधणाऱ्याला हे लेखन जरा रुक्ष वाटेल. धूर, शिटी आणि धुकं यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हातब्रेकच्या चाकावर कुणी लिहिलेलं नव्हतं. ही काही कामाची नियमपुस्तिका नव्हे, आणि ते वाचून कुणी इंजिनाला हात लावू नये. पण वारसा-गाडीची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्याला आपण नेमकं काय मागतो आहोत हे त्यातून कळेल. उद्यानात गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्ताला आपल्या माणसांना कोणते चार प्रश्न विचारायचे तेही कळेल.

एक उणीव मान्य करायला हवी. या कामाची मराठी परिभाषा कागदावर नाही, ती यार्डात आहे. सांधेवाला, गुटका, झेंडी असे मोजके शब्द जुन्या छापील मराठीत सापडतात; बाकीचे भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, जलंब, नेरळ इथे पिढ्यानपिढ्या बोलले गेले आणि तिथेच राहिले. पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची त्यामुळे अपुरी आहे. वाचकांत कुणी निवृत्त गार्ड, पॉइंट्समन, फायरमन किंवा ब्रेकमन असेल, किंवा घरात अशी आजोबांची पिढी अजून बोलती असेल, तर त्यांनी या सूचीसमोरच्या कोऱ्या पानांवर आपले शब्द, शिट्यांचे इशारे आणि आपल्या स्थानकात इंजिन फिरवण्याची पद्धत लिहून प्रकाशकांकडे पाठवावी. दुसऱ्या आवृत्तीसाठी ती पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत.